मामा गेममध्ये पायी चालतात

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बायकोने त्यांना हसनाबादहून जालन्याला आमच्याकडे आणलं. हॉलमधल्या दिवाणावर त्यांचा मुक्काम पडला. टीव्ही तिथंच, आणि माझा गेमचा कन्सोलही त्याच टीव्हीला जोडलेला. मी एमआयडीसीत बियाण्यांच्या प्लांटवर कामाला आहे. धूळ खात घरी आल्यावर तासभर तलवार चालवली की मला बरं वाटतं. सासऱ्यांसमोर चाळिशीतल्या जावयाने गेम खेळावा का, या विचाराने काही दिवस दम धरला, मग तो विचारच सोडून दिला.

गेममध्ये एक भलामोठा मुलूख आहे आणि त्यात आपला एक गडी. गावोगाव हिंडायचं, लोकांची कामं करायची, राक्षस मारायचे. एकदा पाहिलेल्या गावी परत जायचं तर नकाशावर बटण दाबायचं. पडदा क्षणभर काळा होतो आणि गडी तिथं हजर. याला फास्ट ट्रॅव्हल म्हणतात. मी कायम तसाच जायचो. दिवसभर प्लांटवर उभं राहून आल्यावर दुसऱ्याच्या पायानेही चालायची इच्छा होत नाही.

मामा (आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात) पेपरच्या आडून बघायचे. एकदा मी डोंगरातून थेट बंदरावर उतरलो, तेव्हा पेपर खाली आला.

"जावई, मधला रस्ता कुठं गेला?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मंग एवढा मुलूख बनवला कशाला?"

मी गेमचा कंट्रोलरच त्यांच्या हातात दिला. त्यानंतर तो माझ्याकडे क्वचितच आला.

मामांनी गड्याला पायी काढलं. पळायचं बटण दाखवलं तरी दाबेनात. घोडा घेऊन दिला, तर तो दमलाय म्हणून झाडाखाली उभा केला आणि पुढे निघाले. शेतातून सरळ वाट दिसत असली तरी उभं पीक तुडवायला नको म्हणून बांधाबांधाने वळसा. भेटेल त्याच्याजवळ थांबायचे. समोरचा ठरलेली दोन-तीन वाक्यं बोलायचा, तीही इंग्रजीत. पण गावातही बरेच जण एवढंच बोलतात, असं त्यांचं म्हणणं. अस्वल आलं तेव्हा मी तलवार काढायला सांगत होतो आणि हे त्याला जाऊ द्यायला बाजूला सरकले. अस्वल काही गेलं नाही.

इकडे खरं चालणं बंदच होतं. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी वॉकर घेऊन गॅलरीत फिरायला सांगितलेलं, पण त्याचं नाव काढलं की गुडघा दुखायचा. शेवटी बायकोने कंट्रोलर कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. आधी गॅलरीत फेऱ्या, मग गेम. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेपर उचलला. तेव्हापासून ते निमूट फेऱ्या घालायला लागले. फिजिओवाल्या बाई अजून एक फेरी घाला म्हणाल्या, तर त्यांना म्हणाले, "जल्दी करा. आत माणूस खोळंबून राह्यला माझा."

असंच हिंडता हिंडता त्यांना धबधब्यामागे एक वस्ती सापडली. चार झोपड्या आणि चुलीवर रस्सा शिजवणारी म्हातारी. तिने गड्याला वाडगाभर रस्सा दिला. मी तो गेम दोनदा संपवला होता आणि ही वस्ती मला ठाऊकच नव्हती. पुढे तब्येत विचारायला येईल त्याला मामा धबधब्याचीच हकीकत सांगत. परिणामी कुंभार पिंपळगावच्या मावशींनी नात्यात कळवलं, की ऑपरेशन एकदम बराबर झालं, गडी धबधबे चढून राह्यला.

गुडघा सुधारल्यावर मामा हसनाबादला परत गेले. त्याच संध्याकाळी मी कन्सोल लावला. गडी वस्तीबाहेर उभा होता. मी नकाशा उघडला, बटण दाबलं, किल्ल्यावर पोचलो आणि कधीचा राहिलेला राक्षस मारून टाकला.

रविवारी सकाळी मामांचा फोन आला. माझी खुशाली विचारली, मग गड्याची. किल्ल्यावर आहे म्हणालो.

"तिथं कसा गेल्ता?"

मी बटणाचं सांगितलं.

"परत आणा त्याला," मामा म्हणाले. "पायी."

सगळी दुपार त्यात गेली. बायको जेवायला बोलवून थकली आणि स्वतः जेवून झोपली. संध्याकाळी पुन्हा फोन. वस्तीवर पोचल्याचं मी सांगितलं, तर वाटेत कोण कोण भेटलं ते त्यांनी विचारलं. मी सांगत बसलो. बायको उठून चहा ठेवेपर्यंत आमचं चालूच होतं.