ब्रदर जोकीम गेले, आणि मी रविवारी निघतोय

ब्रदर जोकीम आज सकाळी गेले आणि माझी जाम टरकली आहे.

येत्या रविवारी मी घर सोडतोय.
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी ब्रदर व्हायला चाललोय. फादर नाही, ब्रदर. आम्हा ख्रिस्ती लोकांतले संन्यासी म्हणा हवं तर. लग्न नाही, स्वतःचा पगार नाही, सांगतील तिथे राहायचं.

मला खरंच पाचारण आहे, म्हणजे देवाची हाक आहे, की नुसतं डोक्यात खूळ, हे तपासायला मी म्हाताऱ्या जोकीम ब्रदरांकडे, त्यांच्या मठाच्या स्वयंपाकघरात जायचो.

"ब्रदर, हाक ऐकू कशी येते?"
"आधी कांदा सोल."

मला वाटायचं, आयुष्यभर प्रार्थना केली की माणसाची भीती जात असेल.

गेल्या आठवड्यात पनवेलच्या हॉस्पिटलात त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.
"मला भीती वाटते रे."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. यांना भीती वाटते? मग मी कशाच्या भरवशावर चाललोय?

"ब्रदर, मी नाही जात. रविवारचं कॅन्सल."

ते काही बोलायच्या आत शेजारच्या बेडवरून ओरडा आला. नेरे गावच्या एक काकू. त्यांचा नवरा बेडवरून घसरत होता.

"ओ ब्रदर! हिकडं या ना लवकर! यांना धरा, मना एकटीला झेपत नाय!"

हॉस्पिटलात पुरुष नर्सलाही ब्रदर म्हणतात. माझा शर्ट पांढरा. झाला गैरसमज.

"काकू, मी ब्रदर नाही हो..."

मागून जोकीम ब्रदरांचा खोल गेलेला आवाज आला.
"अरे, हाक मारतायत तुला."

गेलो. काकांना काखेत धरून वर ओढलं. चादर ओली झाली होती, तीही बदलली. तिची टोकं गादीखाली खोचायला मला तीनदा लागलं.

परत आलो तर ब्रदर माझ्याकडेच बघत होते.
"घाबरलास?"
"खूप."
"मी पण." मग थोडा दम खाऊन म्हणाले, "पण गेलास ना."

रविवारचा विषय मी पुन्हा काढला नाही.

आज त्यांचा हात माझ्या हातातच थंड झाला. शेवटपर्यंत घाबरलेलेच होते. खोटं कशाला लिहू?

आता बॅग भरतोय. आई दारात उभी राहून विचारतेय, "नक्की ना रे?"
नक्की काहीच नाही, आई. पण जातोय.

ब्रदर, देव तुम्हाला जवळ घेवो.
तिथे तरी आता घाबरू नका.