समुद्रकाठी उकरलेला झिरा

आधी चहाचे कप खाली ठेवा बघू. मागे हे सांगताना एकाच्या नाकातून चहा आला होता. माझी फजिती झाली ती झाली, वर तुमच्या सदऱ्यांचं नुकसान कशाला?

तर मी तिसगावचा. आमच्याकडे पाऊस घाईतल्या पाहुण्यासारखा येतो, दारातूनच परत जातो. आणि सासुरवाडी कुठली? कोपरगावची! कालव्याचं पाणी, दारापर्यंत ऊस. त्यांच्या म्हशी दिवसभर डुंबायच्या आणि आमच्याकडे माणसं सणावारी आंघोळ करायची. जावई म्हणून मान होता, पण तो जरा कोरडाच.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरचा हिवाळा असेल. धाकट्या भावासाठी मी मेव्हणीला मागणी घातली होती. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत. अडलं सासऱ्यांपाशी. त्यांना मी मामा म्हणतो.

"पाहुणं, राग नका मानू," मामा म्हणाले. "थोरली दिली तुमच्या मुलखात. दुष्काळात टँकरमागं पळून पळून वाळली पोर. आता धाकटी कशी देऊ?"

खोटं थोडंच होतं ते! इकडे भावानं मात्र जेवण सोडलं.

तेवढ्यात मामांनी समुद्र बघायची टूम काढली. मामा, मेव्हणा बबन आणि मी. जीप शेजाऱ्याची, राहुटी तमाशाच्या फडातून मागून आणलेली. निघताना भाऊ म्हणाला, "दादा, मामांच्या मनात भर बाबा. माजं लगीन तुज्या हातात हाय."

पोचलो सकाळी. समुद्राकाठी सरकारी बाग, सुरूची उंच झाडं, खाली ही लांबलचक वाळू. राखणदार म्हणाला, "तंबू बागेतच ठोका. खाली वाळूत नको."

तिघांनीही समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता. मामा हात जोडून उभेच राहिले. एवढं पाणी आणि त्यावर कुणाचं भांडण नाही!

बबन म्हणाला, "दाजी, हितं सावलीतच ऱ्हाऊ."

"येडा का खुळा? एवढ्या लांब आलो ते झाडं बघाया? चल पान्याजवळ."

"आन् पानी वर आलं म्हंजी?"

आता सांगा, तिसगावच्या माणसाला हा प्रश्न विचारावा? अहो, पाणी खाली जातं, मागं सरतं, आटतं. ते परत आलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं!

"आरं, आटल्यालं पानी माघारी येतं व्हय? ही वाळू बघ, अजून वली हाय. म्हंजी सकाळधरनं मागंच चाललंय ते. उद्यापत्तुर आपल्यालाच मागं मागं जावं लागंल!"

मामांना पटलं. ठोकली राहुटी पाण्याच्या तोंडाशी.

मामांना तहान लागली. बबन बादली घेऊन बागेतल्या विहिरीकडे निघाला आणि मला संधी दिसली.

"थांब! वाळू असताना हिरीला कशाला जायचं?"

कोरड्या नदीच्या वाळूत झिरा उकरून प्यायचं पाणी काढायचं, ही आमची पिढीजात विद्या. बसलो फतकल मारून. हातभर उकरलं नाही तोच पाणी!

"आरारारा! पाहुणं, तुमच्या हाताला पानी हाय की!" मामा म्हणाले. त्यांनी ओंजळ तोंडाला लावली आणि थू करून टाकली. "खारट हाय वो!"

"पयलं पानी तसंच येतं, मामा. उपसलं की गोडं लागतं."

नव्या विहिरीचं आम्ही असंच करतो. मी काय चुकीचं बोललो?

बबन उपसायला लागला. उपसतोय, उपसतोय, पाणी हटेना. उलट वाढायला लागलं!

"दाजी, पानी लई लागलंय!"

"झराच मोठा हाय! हान तू!"

मामा तर हरखूनच गेले. "असं पानी तिसगावात काडलंत, तर धाकटी द्यायला माजी ना न्हाई."

ऐकलंत? मला तिथंच मांडव दिसायला लागला. सनईसुद्धा ऐकू आली म्हणा ना!

दुपारी भाकरी-ठेचा खाऊन राहुटीत आडवे झालो. बबनचे तर उपसून उपसून हात भरून आले होते. डोळा लागला आणि पाठीला गार लागलं. उठून बघतो तर राहुटीत पाणी, भाकरीची टोपली तरंगत दाराबाहेर निघालेली.

आता कुणालाही वाटेल, समुद्र आला. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, माझा झरा फुटला!

"मामा, झरा फुटला! बोळा घाला!"

मामांच्या उशाचा पटका उचलला, त्याचा बोळा केला, बाहेर पळालो, अंदाजाने झिऱ्यात कोंबला आणि वर स्वतः बसलो. पाणी मांडीला लागलं.

"बबन, दाबून धर! तू बी बस!"

बसला बिचारा. जिल्ह्यातली दोन धडधाकट माणसं समुद्राला बूच मारून बसलेली! पाणी छातीला आलं, तरी मी "हलू नको" म्हणून ओरडतोच आहे.

मागून मामा बोडक्या डोक्यानं कळवळून ओरडले, "आरं, मान वळवून बगा! आख्खा समिंदर आलाय! कुटं कुटं बोळा घालताय?"

मान वळवली आणि लाटेनं दोघांना उचलून आपटलं. राहुटी गेली, पटका गेला. नाकातोंडात पाणी घेऊन आम्ही रांगत बागेत आलो.

सुरूच्या झाडाखाली तिघे कुडकुडत बसलो. मामा बोडक्या डोक्यावरून हात फिरवत होते. माझ्या डोळ्यांसमोर भावाचा चेहरा. पोराचं लग्न मी बुडवलं, असं वाटून मला खरंच रडू आलं.

मग मामांनी धोतर पिळलं आणि म्हणाले, "पाहुणं, ठरलं. धाकटी बी तुमच्यातच देतो."

मी त्यांचे पाय धरले. "मामा, म्हंजी आमची विद्या पटली ना?"

"पटली की! तुमच्याकडं पानी न्हाई म्हून आजपत्तुर भ्या वाटत हुतं," मामा म्हणाले. "आज कळलं, न्हाई तेच बरं हाय. पोर तान्हेली ऱ्हाईल एकांदी बारी, पन तुमच्या हातनं बुडायची तर न्हाई!"