डोळा फुटला

माझी धाकटी बहीण बाटल्यांत झाडं वाढवायची. गल्लीतली पोरं तिला ‘बाटलीबाई’ म्हणत. ते ऐकून शेजारी नव्याने आलेला भाडेकरू महिनाभर तिच्याकडे असा संशयाने बघायचा, की शेवटी मीच त्याला म्हटलं, “अहो, त्या बाटल्या झाडं पितात, ती नाही!”

ऊती-संवर्धनाच्या एका प्रयोगशाळेत ती आधी नुसत्या बाटल्या धुवायची. हात स्वच्छ, बोलणं कमी. म्हणून पुढे तिला झाडांचं जेवण शिजवायला दिलं. साखर, क्षार, वर अगार घालून थिजवलेली जेली. त्यावर पानाचा नखाएवढा तुकडा ठेवायचा, बूच लावायचं आणि वाट बघायची. वाट बघण्यात मात्र आमच्या धाकटीचा हात कुणी धरला नसता.

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. लग्नानंतर एकदा कुठूनसा खिशात घालून वेलीची एक काडी घेऊन आला आणि मागच्या दाराशी खोचली. वेलीचं नाव त्यालाही ठाऊक नव्हतं. फुलं पांढरी, बी कधी धरलं नाही. दुकान बंद करून मेहुणे घरी यायच्या वेळेला वास सुटायचा. दाराशी एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावर बसून ते बूट काढायचे आणि म्हणायचे, “बघ, माझ्याआधी हिला कळतं किती वाजले.”

मेहुणे जाऊन सहा वर्षं झाली आणि वेल बुडातून सडायला लागली. धाकटीने काड्या लावल्या, त्या काळ्या पडल्या. शेंड्याला चार पानं उरली, तेव्हा तिने प्रयोगशाळेच्या मॅडमकडे बाटल्यांच्या फळीवरचा एक कोपरा मागितला. मॅडम म्हणाल्या, “घ्या. पण रडायचं नाही.”

पहिल्या खेपेला तिने जेलीत वाढीची नेहमीची पूड घातली. पानाचे तुकडे फुगले, फिकट गोळे झाले आणि तसेच बसले. मी म्हटलं, “वाढतंय की!”

“वाढतंय रे दादा, पण काय व्हायचं ते त्याचं त्याला उमगत नाहीये. झाडात एक रस म्हणतो मुळं काढ, दुसरा म्हणतो डोळा काढ. दोघांचं भांडण बरोबरीत सुटलं, की नुसता गोळा होतो. डोळ्याचं पारडं जरा जड करायला हवं.”

त्यासाठी तिने शहाळी आणायचं ठरवलं. शहाळ्याचं पाणी म्हणजे नारळाच्या पोटातल्या कोंबाची शिदोरी. डोळा काढायला लावणारा रस त्यात आयताच असतो. शहाळेवाल्यासमोर ती एकेक उचलून, हलवून, कानाशी धरून बघत होती.

“घरी कोण आजारी आहे, ताई?”

“वेल.”

“कोण, वहिनी?”

“वेल हो, वेल! आणि सगळी एकाच झाडाची द्या.”

शहाळेवाला माझ्याकडे बघून म्हणाला, “आजोबा, यांना सांभाळा.”

शंभर भागांत दहा भाग शहाळ्याचं पाणी, असं माध्यम करून तिने शेवटच्या दोन पानांच्या बारा बाटल्या भरल्या. आठ बाटल्यांवर बुरशी आली. तिघींत पुन्हा गोळे. उरलेल्या एकीबद्दल विचारलं, की ती विषय बदलायची.

एका दुपारी मी नखं कापत बसलो होतो आणि तिचा फोन आला. हुंदका, आणि मग, “दादा, डोळा फुटला!” फोन बंद.

एका पायात माझी, दुसऱ्या पायात सुनेची चप्पल, हातात कापसाचा पुडा, असा रिक्षाने प्रयोगशाळेत पोचलो. “कुठला? डावा की उजवा?” म्हणून पहारेकऱ्यावरच ओरडलो. तो घाबरून स्वतःचे डोळे चाचपायला लागला. तेवढ्यात धाकटी बाहेर आली. टोपी आणि मुखपट्टी यांच्या मधे दोन डोळे, धडधाकट, नुसते वाहत होते.

“अगं, फुटला कुठला?”

“नवव्या बाटलीतला!”

खरं तर गावच्या शाळेत गुरुजींनी पेरावरचे डोळे दाखवून आम्हाला उसाचं बेणं लावायला शिकवलं होतं. पण जिवाला घोर लागला, की शिकलेलं कुठे आठवतं! काचेआडून तिने मला बाटली दाखवली. गोळ्याच्या कडेला मोहरीएवढा हिरवा ठिपका. तो बघून माझ्या हातातला कापूस मलाच लागला.

ठिपक्याचा कोंब झाला, कोंबाला मुळं आली. बाटलीतल्या बाळाला बाहेरची कोरडी हवा सोसत नाही, म्हणून कुंडीवर प्लास्टिकची पिशवी घालून तिने रोज एकेक भोक वाढवलं. आता वेल मागच्या दाराच्या चौकटीला लागली आहे. फूल अजून नाही. धाकटी निवृत्त झाली आहे. दिवे लागायच्या वेळेला दार उघडून उंबऱ्यावर बसते.

परवा गेलो तर मेहुण्यांची खुर्ची अडगळीतून काढून, पुसून दाराशी ठेवलेली. मी टेकलो.

“ऊठ, दादा.”

“का गं? मोडेल म्हणतेस?”

“कळी धरलीय. एकच आहे.” तिने वर बोट दाखवलं. “आजच उमलेल असं नाही. पण ऊठ.”

मी उठलो आणि उंबऱ्यावर तिच्या शेजारी जागा करून घेतली.