झिलीखालचं कडवं

माहा शाहीर भाऊ अकोल्याच्या तुरुंगातून सुटला तवा गोऱ्या साहेबानं त्याले बजावलं होतं, देवादिकाचं गा, लग्नात गा, पन बंडाचा पोवाडा पुन्हा कानावर आला त काळ्या पान्यावर धाडीन. पोवाडा भावानंच रचलेला, बंडात फाशी गेलेल्या एका मानसाचा. भाऊ म्हने, "तो त मी गाईनच." आता काय म्हनावं अशा मानसाले!

तो सुटल्यावरच मी त्याचा साथीदार झालो. तो डफ घेऊन पुढं, मी तुनतुनं घेऊन मागं. त्याची ओळ सरली की मी 'जी जी रं जी' करत झील ओढो. कापसाले सोन्याचा भाव आलेला. अमरावतीच्या बाजारात गाड्यावर गाड्या, अन् ज्याच्या त्याच्या तोंडी फर्माईश त्याच पोवाड्याची. पोवाड्याचा बाकी भाग जुन्या लढाईचा म्हनून खपून जाये, पन शेवटच्या कडव्यात त्या मानसाचं नाव होतं. गर्दीत खबऱ्या कोन, काय समजते बावा? म्हनून मी कडव्यावरच झील चढवो, नरड्याच्या शिरा फुगेतोवर. भाऊ कधी रागावला नाही. मले नवल वाटे.

मंग कौंडण्यपूरच्या जत्रेत माहा गळा बसला. मी हात जोडले, "आज हा पोवाडा नको."

"भेतो काहून?" भाऊ म्हने.

समोरच जमादार मांडी घालून बसलेला. कडवं आलं. मी तोंड उघडलं, नुसती हवा निघाली. मेलो! आता धरते याले, असं वाटलं.

पन काहीच ऐकू आलं नाही. भावाचे होट हालून राहिले होते, आवाज नोता. कडवं सरेतोवर तो तसाच उभा. मंग त्यानं डफावर थाप मारली, अन् जमादार म्हने, "वाहवा!"

परतीच्या वाटेवर मी फुसफुसत इचारलं, "कवापासून?"

"सुटलो तवापासून. पहिल्याच दिवशी हातपाय गार पडले रे. तू वरडून राहिला होता, म्हनलं बरं झालं."

"मंग आता म्हन. इथं कोनी नाही."

भाऊ थांबला. मागं पाहिलं, पुढं पाहिलं. लय वेळ होट हालवले.

"याद नाही रे," तो म्हने. "तूच सांग ना, तू त रोज मागं उभा राहे."

मले त ते कडवं कधी ऐकूच आलं नोतं.