मातीसकट मोगरा

सिमेंट म्हणजे वजन, हे किशनरावांचं तीस वर्षांचं पक्कं मत. चिटगुप्प्याच्या बाजारात त्यांचं सिमेंट-लोखंडाचं दुकान. गिऱ्हाइकानं मालाबद्दल शंका काढली की ते गोणीवर थाप मारत आणि म्हणत, "उचला की जरा, मग बोला." आणि अशा माणसाच्या बायकोनं त्याच्याच दुकानातल्या सिमेंटची, दोन बोटांनी उचलता येईल अशी कुंडी करून त्याच्यापुढं ठेवावी! किशनरावांना ती आधी थट्टा वाटली, मग चक्क दुकानाची बदनामी.

कलाबाईंनी सुरुवात केली ती सांडलवंडीपासून. फाटक्या गोणीतून पडलेलं सिमेंट त्या झाडून, चाळून घरी आणत. नव्या टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल त्यांनी खोबऱ्याच्या किसणीवर किसला. ती किसणी स्वयंपाकघरात परत आली नाही, ही देवाचीच कृपा. गादीवाल्याकडून काथ्याचा चुरा मागून आणला. भाची रेणुकानं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ दाखवला होता, तेवढंच काय ते शिक्षण. बाकी सगळा अंदाज भाकरीच्या पिठाचा. मुठीत दाबलं की गोळा राहायला हवा आणि बोटांतून पाणी गळायला नको. पाटी, घमेलं, फुटका रांजण, हाताला लागेल त्याचा साचा. वर्षभरात घरापुढच्या अंगणात कुंड्यांची रांग लागली. मग बदकं आली, मग एक कासव. शेजारच्या भागाबाईंनी त्या कासवापुढं कोथिंबिरीच्या काड्या टाकल्या आणि ते खाईना म्हणून काळजीही केली.

एकदा किशनराव आंघोळ करून ओल्या अंगानं घरभर हिंडले.

"अगं, माझा टॉवेल कुठाय?"

"व्हरांड्यात वाळायलाय."

व्हरांड्यात पालथ्या बादलीवर त्यांचा सोलापुरी टॉवेल सिमेंटच्या काल्यात बुडवून पसरलेला होता. दोन दिवसांनी कलाबाईंनी बादली काढून घेतली, तर टॉवेल आपल्या जागी उभा! सगळ्या चुण्या पडल्या तशाच राहिलेल्या, काठाचं वीणकामसुद्धा दिसत होतं. त्यात मनीप्लांट लागला. किशनरावांनी टॉवेलावरून बरीच बडबड केली. पण दुकानाला निघताना, बायको आत आहे असं बघून, त्या चुण्यांवरून त्यांनी हळूच बोटं फिरवली. ज्या मालाच्या राशी आपण आयुष्यभर नुसत्या आत-बाहेर केल्या, तो असाही वागतो? त्यांना खरोखर कळेना.

आणि मग रस्ता रुंद व्हायचा ठरला. अंगण जाणार होतं. घर तेवढं वाचत होतं. कुंड्या काय, त्या कुठंही हलल्या असत्या. प्रश्न अंगणाच्या कोपऱ्यातल्या मोगऱ्याचा होता.

कलाबाईंचं माहेर धरणात गेलेलं. पाणी चढायच्या आधी गाव उठलं, भाऊ एकीकडं गेला, चुलते दुसरीकडं, आई पुढं फार जगली नाही. त्या शेवटच्या फेरीला कलाबाईंनी आईच्या न्हाणीमागचा मोगरा मुळाभोवतीच्या मातीसकट घमेल्यात उचलला आणि मांडीवर घेऊन बसनं चिटगुप्प्याला आणला. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं होतं म्हणे. आता त्याचं खोड मनगटाएवढं झालं होतं.

"एक फांदी लाव की गच्चीवर," किशनराव म्हणाले. "मोगरा फांदीनं बी येतोय."

"फांदी येईल वो. माती कुठनं आणू? ती तर पाण्याखाली हाय."



मोगरा मुळाखालच्या मातीसकट काढायचा, तर कुंडी चांगली मोठी हवी. ठेवायला जागा फक्त गच्ची, आणि गच्ची जुनी. गवंड्यानं मागंच बजावलं होतं की वर जड काही ठेवू नका. मातीचं वजन कमी करता येत नव्हतं. कमी करता येत होतं ते कुंडीचं. कलाबाईंनी आपलं सगळं कसब पणाला लावून मोठी कुंडी घातली, आणि ती जन्मभर टिकावी म्हणून त्यात एक गोष्ट गुपचूप मिसळली.

त्या लहान असताना वडिलांनी त्यांना बिदरचा किल्ला दाखवला होता. भिंतीवर त्यांचा तळहात टेकवून वडील म्हणाले होते, "ह्या चुन्यात गूळ घातलाय बाळ, म्हणून ह्यो अजून उभा हाय." कलाबाई ते विसरल्या नव्हत्या. त्यांनी गुळाचा चांगला ओंजळभर खडा पाण्यात विरघळवून काल्यात ओतला.

तिसऱ्या दिवशी कुंडीत बोट घातलं तर बोट आत गेलं. चौथ्या दिवशीही तेच. किशनरावांच्या डोक्यात तिडीक गेली. आपल्या दुकानातलं सिमेंट घट्ट होत नाही? त्यांनी अंगणातूनच कंपनीच्या एजंटाला फोन लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला. माल परत न्या, तीस वर्षांचं नाव घालवायलाव, वगैरे वगैरे. एजंट बिचारा गयावया करत होता.

"अवो," कलाबाई बारीक आवाजात म्हणाल्या, "ठेवा तो फोन. मुंग्या बघा."

कुंडीच्या काठावरून मुंग्यांची रांग आत उतरत होती.

"मी गूळ घातलाय त्यात."

किशनरावांचा हात कानाशीच राहिला. फोनमधून हॅलो, हॅलो येत राहिलं. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. "अगं, चुन्याला चालतोय गूळ! सिमेंटला गोडाचं वावडं हाय. जरा गोड पडलं की ते घट्ट व्हायचंच इसरतंय!" आणि बोलता बोलता त्यांची नजर कलाबाईंच्या तोंडाकडं गेली. त्या करड्या चिखलाशी त्या उकिडव्या बसल्या होत्या, आणि रस्त्याचं काम चार घरं पलीकडच्या चन्नबसप्पांच्या दारापर्यंत आलं होतं. नवी कुंडी घालायची, ती वाळायची, मग मोगरा काढायचा, एवढी सवड कुणी देणार नव्हतं. किशनरावांचं हसू तिथंच विरलं. त्यांना स्वतःचा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दात घासत बाहेर आले, तर कलाबाई मोगऱ्याभोवती कुदळ मारत होत्या.

"कामून उपटायलीस आत्ताच?"

"उपटत न्हाई. कुंडी करायले."

"कुठाय कुंडी?"

"हितंच की."

किशनराव जवळ गेले. मोगऱ्याच्या चारी बाजूंनी खोल चर खणलेला होता आणि मधोमध मुळांचा, मातीचा अखंड खांब उभा होता, वर मोगरा जसाच्या तसा. कलाबाईंनी त्या खांबाला प्लास्टिक गुंडाळलं, त्यावर ओलं बारदान, त्यावर तारेची कोंबडीजाळी. मग थर्माकोल, काथ्या आणि सिमेंटचा काला हातानं थापत त्या खालून वर येऊ लागल्या. या खेपेला गूळ नव्हता. झाड कुंडीत घालायला वेळ नाही, म्हणून ही बाई झाडाभोवती कुंडी घालत होती!

किशनरावांच्या तोंडातला फेस तसाच राहिला. त्यांनी घरं बांधणारी माणसं आयुष्यभर बघितली होती. आधी घर आणि मग त्यात माणूस, हाच क्रम त्यांना ठाऊक. माणूस मध्ये उभा आहे आणि त्याला धक्का न लावता घर त्याच्याभोवती उगवत आलंय, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पस्तीस वर्षं जिच्या हातची भाकरी खाल्ली, ते हात त्यांनी त्या सकाळी पहिल्यांदा नीट बघितले.  त्यांनी चूळ भरली, बाही वर सारली आणि कालवायला बसले. त्या दिवशी दुकान दुपारी उघडलं.

पुढचे दिवस ते स्वतः कुंडीवर पाणी मारत होते. सकाळी उठल्या उठल्या, दुकानातून मधेच येऊन, आणि परत संध्याकाळी. कुंडी उन्हानं तडकू नये म्हणून ओली गोणपाटं बदलत होते. रस्ता खणणारं मशीन शेजारच्या दारात घरघरत आलं, तोपर्यंत कुंडीवर नख उमटेनासं झालं होतं.

मग दुकानातला हमाल इरप्पा आपल्या तीन माणसांना आणि दोरखंड-बांबू घेऊन आला. जन्मभर सिमेंटच्या गोण्या वाहिलेल्या इरप्पानं कुंडीवर टिचकी मारून बघितली.

"अक्का, ह्यात सिमेंट हाय का पापड?"

"उचला की जरा, मग बोला," कलाबाईंच्या आधी किशनरावच म्हणाले.

खालून माती मोकळी करून दुकानाचा जुना पत्र्याचा बोर्ड तळाशी सरकवला, कुंडी थापतानाच तळाशी सोडून ठेवलेल्या तारांनी तो आवळला. "हं!" इरप्पा ओरडला. आणि ती सगळी कुंडी, ती माती, तो मोगरा, एक पान न गळता जमिनीतून वर आला. मशीनवाला इंजिन बंद करून खाली उतरला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला. जिन्यावरून माणसं पायरी पायरी वर चढू लागली. कलाबाई पुढं होत्या, किशनराव मागं.

पत्र्याच्या फटीतून मधे मधे माती सांडत होती. काळी, भुसभुशीत. किशनराव प्रत्येक पायरीवर वाकत होते. खडा न् खडा, चिमूट न् चिमूट त्यांनी उपरण्यात गोळा केली. वर पोचल्यावर कुंडी गच्चीच्या कडेला, खाली भिंत आहे अशा जागी टेकवली गेली, तेव्हा त्यांनी ते उपरणं मोगऱ्याच्या बुंध्याशी दोन्ही हातांनी उलटं केलं, झटकलं, आणि चिकटलेली माती नखानं काढून तीही घातली.

हमाल खाली गेले. कलाबाई कुंडीकडं बघत उभ्या होत्या. मग एकदम त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, कोपऱ्यातली सतरंजी झटकून कुंडीजवळ अंथरली आणि नवऱ्याला म्हणाल्या,

"बसा. किती वर्सानं आलाव आमच्या घरला. च्या टाकते."

किशनरावांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. हात धुतले. आणि नव्या जावयानं सासरवाडीत बसावं तसे अवघडून, पाठ ताठ करून, सतरंजीवर बसले.