मिशांवरचे तारे

खगोलसंस्थेत त्यांना सगळे काकू म्हणत, संचालकसुद्धा. पंधरा वर्षं टंकलेखन केल्यावर, नजर तीक्ष्ण म्हणून, त्यांना ताऱ्यांच्या यादीवर बसवलं. अवकाशातल्या दुर्बिणीने एका भल्यामोठ्या तारकागुच्छाचं छायाचित्र काढलं होतं. वय जेमतेम वीस लाख वर्षं, ताऱ्यांच्या मानाने पाळण्यातलंच. मधोमध दहा-बारा राक्षसी तारे, आणि आरशाच्या घडणीमुळे प्रत्येकाला प्रकाशाचे लांब फाटे फुटलेले. कामाच्या खोलीत त्या फाट्यांना मिशा म्हणत. मिशांवरच्या ठिपक्यांनाही संगणक तारे समजे. ते खोटे तारे खोडायचे, हे काकूंचं काम. दोन वर्षं त्यांनी ते भाजी निवडावी तसं केलं. आज किती मारले, असं घरी नवरा विचारी. "तुमच्या डोक्यावर उरलेत त्याहून जास्त," काकू म्हणत.

त्या यादीवर मॅडमचा शोधनिबंध उभा होता: राक्षसांच्या झगझगाटात लहान तारे जन्मतच नाहीत. मॅडम काकूंच्या वरिष्ठ, पण वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. शुक्रवारी निबंध पाठवायचा होता. मॅडमची कायमची नेमणूकही त्यावरच होती.

बुधवारी दुपारी काकूंनी सहज त्याच गुच्छाचं दुसरं छायाचित्र उघडलं, पहिल्यानंतर सहा महिन्यांनी काढलेलं. दुर्बिणीने मधल्या काळात कूस बदलली होती, त्यामुळे मिशाही फिरल्या होत्या. पण खोडलेले कितीतरी ठिपके जागच्या जागी होते. मिशी फिरते, तारा फिरत नाही. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कानोकान खबर लागली नसती. त्या उठून मॅडमच्या खोलीत गेल्या.

"मॅडम, मी खरे तारे खोडलेत. किती, ते ठाऊक नाही. निबंध थांबवा."

मॅडम दोन्ही छायाचित्रं बराच वेळ बघत राहिल्या. तेवढ्यात काकूंचा राजीनामा मनातल्या मनात टाइप करून झाला.

"मिशीवरचं सगळं उडवा, हा नियम माझा होता, काकू," मॅडम शेवटी म्हणाल्या. "तुम्ही तो जरा जास्तच इमानाने पाळलात. खुर्ची ओढा."

निबंध थांबला, नेमणूक वर्षभर लांबली. पाच आठवडे दोघी शेजारी बसल्या. मॅडम क्रमांक वाचत, काकू तारा परत यादीत घालत. तीनशे चौदा निघाले, तेही थेट राक्षसांच्या पायाशी. म्हणजे निबंधाचा निष्कर्षच उलटा झाला.

आपली चूक आपल्याच हातांनी दुरुस्त करू देणारं माणूस आयुष्यात एकदा भेटलं तरी पुष्कळ, असं काकूंना त्या दिवसांत सारखं वाटे. तोंडाने मात्र त्या एवढंच म्हणत, "हं, पुढचा सांगा."