बूट बाहेर

कन्नड मुलखातल्या राजेश्वर गावच्या रत्नपालचं स्वतःविषयीचं मत फारसं बरं नाही, आणि जेवढं आहे तेवढं अनुभवातून आलेलं आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा त्यानं पाच वर्षांत केला. कुणी विचारलंच तर सांगतो, "मास्तरांना सोडवंना मला." सध्या तो हायवेवरच्या एका डाळमिलमध्ये वजनकाट्यावर बसतो. तुरीची गाडी काट्यावर चढली की आकडा मशीन दाखवते, पावतीही मशीनच छापते. रत्नपाल कागद फाडतो. गावात मात्र त्याला इंजिनेर म्हणतात. म्हणताना हसतात, ते सोडा.

ह्या इंजिनेराची इंजिनेरी चालायची ती संध्याकाळी, बुद्धविहाराला लागून असलेल्या खोलीत. तिथं चार टेबलं, एक जुना टीव्ही आणि पत्त्यांच्या कॅटएवढा एक कंप्युटर. एकच हिरवी पाटी, तिच्यावरच सगळं. पहिल्यांदा आणला तेव्हा विहाराची झाडलोट बघणाऱ्या सुमनबाईनं तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"ह्यो कंप्युटर हाय का तंबाखूची डबी?"

डबी का असेना, चालायची. जुन्या प्रश्नपत्रिका, धड्यांचे व्हिडिओ, पोरांनी टाइप केलेल्या नोट्स, सगळं तिच्यात. आठ-दहा पोरंपोरी रोज अभ्यासाला बसायची. त्यांत रत्नपालची धाकटी बहीण पंचशीलाही. तिला पीएसआय व्हायचं होतं. घरी दोन खोल्या आणि सहा माणसं, त्यामुळं पुस्तक उघडून बसायला तिला अख्ख्या गावात ही एकच जागा होती.

अडचण अशी की मशीनचा सगळा जीव नखाएवढ्या मेमरी कार्डात. मशीन चालू असताना लाइट गेली की कार्ड दगावायचं. तीन कार्डं अशीच गेली. आणि का कोण जाणे, विहार समितीचे अध्यक्ष नागनाथअण्णा नेमके त्याच दिवशी फेरी मारायचे. समितीचे जेवणावळीचे हंडे, पातेली, दऱ्या वर्षभर अण्णांच्या ओसरीवर पडून असायच्या, आणि त्यावरून अण्णांना घरात रोज ऐकून घ्यावं लागायचं.

"रत्नपाल," तिसऱ्या खेपेला अण्णा म्हणाले, "मी तिनदा आलो, तिनदा तुझा टीव्ही काळा. काळा टीव्ही बघायला खोली कामून पायजे? दहा दिवसानं रविवारी बैठक हाय. मशीन चालली तर खोली पोरांची. न्हाई तर हंडे आत."

रत्नपालनं मान डोलावली. मान डोलावण्यात तो पहिल्यापासून हुशार.

त्याच आठवड्यात मिलमधला एक लॅपटॉप चहा सांडून मेला. चहा कुणी सांडला याची चौकशी अजून चालू आहे आणि रत्नपालही तिला मनापासून मदत करतो. लॅपटॉप गेला, पण त्याच्या पोटातली एसएसडी, म्हणजे माहिती साठवायची पट्टी, धडधाकट होती. ती मॅनेजरनं त्याला देऊन टाकली. रत्नपालनं तिच्यावर एक प्लास्टिकची डबी चढवली, वायर जोडली आणि ठरवलं: आता नखाएवढ्या कार्डाच्या भरवशावर राहायचं नाही. मशीन झोपेतून उठते, आपलं नाव-गाव आठवते, त्याला बूट होणं म्हणतात. तर आता मशीननं कार्डावरून नाही, बाहेरच्या ह्या एसएसडीवरून बूट व्हायचं.

शनिवारी दुपारी तो घाईघाईनं आत निघाला तर दारात सुमनबाई. तिच्या डोक्यावर भिंतीला पाटी, 'बूट-चप्पल बाहेर काढावी'. पाटीची सुमनबाईला गरज नव्हती. ती स्वतःच पाटी होती.

"मावशी, आता बूट भायेरून करायलोय बगा," रत्नपाल डबी दाखवत म्हणाला.

"मंग! मी इतके वर्स काय सांगायले? बूट भायेरच."

त्यानं नव्या, चौथ्या कार्डावरचं सगळं एसएसडीवर उतरवून घेतलं, वायर निळ्या खाचेत खोचली, मशीन बंद करून पुन्हा चालू केली. टीव्ही उजळला. रत्नपालच्या अंगावर काटा आला. डबीवरचा छोटा निळा दिवा तेवढा लुकलुकला नाही. पंचशीलानं विचारलं, "दादा, दिवा कामून लागंना?"

"शांत सोभावाची हाय."

मग आठ दिवस रत्नपालनं गाव शांत राहू दिलं नाही. काट्यावर आलेल्या ड्रायव्हरांना सांगितलं. विहारासमोरच्या झेरॉक्सवाल्या मंजुनाथला अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत सांगितलं. पोरांना तर फळ्यावर चित्र काढून समजावलं, कार्ड कसं कमजोर, एसएसडी कशी पैलवान. कुणी विचारलं, मग कार्डाचं काय? तर म्हणायचा, "कार्डाला आता कुत्रं विचारत न्हाई." हे वाक्य त्याला इतकं आवडलं की दिवसातून चारदा तरी म्हणायचा. आपण बोललेलं कुणी खरं धरेल अशी सवय त्याला नव्हती.

रविवार उजाडला. बुद्धवंदना झाली, समितीची सात-आठ माणसं खोलीत येऊन बसली. बाहेर टेम्पो उभा, त्यात हंडे. अण्णांनी वेळ वाचवायला आधीच भरून आणले होते. पोरं भिंतीला टेकून उभी, पंचशीला सगळ्यांत पुढं. रत्नपालनं थोडं भाषण केलं. मग थोडं अजून केलं. आणि बटण दाबलं.

टीव्ही काळा.

मशीनच्या पाटीवरचा हिरवा दिवा चारदा लुकलुकला, थांबला, परत चारदा लुकलुकला.

"ह्यो चौथा काळा," अण्णा म्हणाले. "टेम्पोवाल्याला बोलवा."

रत्नपालनं पाटी उलटी केली. खालची, कार्डाची खाच रिकामी. "कार्ड कुनी काढलं?"

"मी," पंचशीला म्हणाली. "काल रात्री. तूच म्हनलास की दादा, कुत्रं विचारत न्हाई म्हनून. मोबाईलला लावलं. त्यानं विचारलं साफ करू का, मी म्हनलं कर."

रत्नपालनं डबीवरच्या न लागलेल्या दिव्याकडं बघितलं. कार्ड खाचेतून काढायचं होतं, आणि ते तो विसरला होता. मशीन बिचारी जुन्या सवयीनं रोज कार्डावरूनच उठत होती. आठ दिवस ज्या एसएसडीची पोवाड्यासारखी स्तुती केली ती काहीही न करता शेजारी पडून होती. दिवा लागत नव्हता तो काही स्वभावामुळं नाही.

"म्हंजी ह्या पोरीनं बिघडवलं," अण्णा म्हणाले, आणि सगळ्यांच्या नजरा पंचशीलाकडं वळल्या. तिचं तोंड एवढंसं झालं.

गप्प राहणं सोपं होतं. रत्नपाल आयुष्यात बऱ्याच ठिकाणी गप्प राहून सुटलेला माणूस. पण आता त्याला स्वतःचाच फळा आठवला, त्यावरची पैलवान एसएसडी आठवली, आणि हसूच आलं.

"न्हाई अण्णा. तिनं काय केलं न्हाई. आठ दिवस मशीन कार्डावरच चालत व्हती. ही एसएसडी वरातीतल्या करवलीवानी नुसती नटून बसली व्हती. मी कार्ड काढायचंच इसरलो, आन गावभर सांगत सुटलो, बूट भायेरून व्हायलाय म्हनून."

मग दारातून सुमनबाईचा आवाज आला.

"म्हंजी आठ दिवस तूच बूट घालून आत बसला व्हतास? आन मी येनाऱ्या-जानाऱ्यावर वरडायले!"

पहिल्यांदा पोरं फुटली, मग समिती. अण्णांनी हसू दाबायला रुमाल काढला, तो पुरला नाही. "बरं," ते डोळे पुसत म्हणाले, "सुमनबाई चहा टाकायल्यात. चहा हातात येईस्तोर टाइम देतो. मंग मात्र हंडे."

ह्या जुन्या मशीनला बाहेरच्या एसएसडीवरून उठायचा हुकूम एकदा द्यावा लागतो, आणि तो कार्डावरूनच द्यावा लागतो. हे रत्नपालनं वाचलं होतं. वाचलं होतं आणि 'आपल्याला काय गरज' म्हणून पुढं गेला होता. त्यानं पंचशीलाच्या मोबाईलमधून कार्ड ओढलं आणि अनवाणीच रस्ता ओलांडला.

"एनायतु, इंजिनेर?" काय झालं म्हणून मंजुनाथनं विचारलं. आधारच्या झेरॉक्ससाठी तिघं उभे होते.

"भाऊ, दोन मिनिटं कंप्युटर द्या. इज्जतीचा सवाल हाय."

"इज्जत? मग दोन मिनिट कशाला, एक मिनिटात होते."

हुकमाची फाइल एवढीशी, पण ती उतरेपर्यंत मंजुनाथच्या कंप्युटरवरचं चाक फिरतच राहिलं. रत्नपाल धापा टाकत परत आला तेव्हा त्याला चहा वाटून झालेला दिसेल असं वाटलं होतं. पण चहा अजून उकळतच होता. सुमनबाईनं गॅस इतका बारीक केला होता की ज्योत शोधावी लागावी. तिनं रत्नपालकडं बघितलंही नाही.

कार्ड खाचेत गेलं, बटण दाबलं. टीव्ही हिरवागार झाला, मूगच पेरलाय जणू.

"झालं?" अण्णा पुढं सरकले.

"न्हाई अण्णा, नुसता हुकूम पोचला. आता कार्ड काढायचं." ह्या वेळी त्यानं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काढलं आणि चिमटीत वर धरलं. "बगून घ्या. मंग म्हनू नका."

मशीनची लाइटची वायर काढून परत लावली. आणि डबीवरचा निळा दिवा, आठ दिवस शांत स्वभावाचा, लुकलुक करू लागला. टीव्ही उजळला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चहा त्याच मिनिटाला तयार झाला.

पंचशीला मात्र टाळ्या न वाजवता पुढं आली आणि तिनं आपल्या नोट्स उघडल्या. एसएसडीवर होतं ते आधीच्या शनिवारपर्यंतचंच. त्यानंतर आठ दिवस टाइप केलेली उत्तरं कार्डावर होती, आणि कार्ड तिनं स्वतः साफ केलं होतं. तिनं यादी परत वरपासून खालपर्यंत तपासली.

"दादा, पीएसआय झाले की पहिली केस तुझ्यावर."

"कबुलीजबाब आधीच दिलाय की."

ती हसली नाही. पण खुर्ची ओढून बसली.

अण्णांनी चहा संपवला आणि निकाल दिला. खोली पोरांची. हंडे परत अण्णांच्या ओसरीवर, एक सोडून. "ह्यो एक हंडा हितंच राहील, कोपऱ्यात. टीव्ही काळा झाला की बाकीचे त्याला हुडकत येतील." एक हंडा कमी झाल्याचं घरी दाखवता येईल, हेही त्यात असावं.

आता संध्याकाळी गेलात तर पंचशीला पुस्तकातून उत्तरं सांगताना दिसेल आणि रत्नपाल दोन बोटांनी कन्नड टाइप करताना. गेलेले आठ दिवस तो भरून देतोय. स्पेलिंग चुकलं की ती थांबते आणि नुसती बघते. तो बसतो उपड्या हंड्यावर, कारण खुर्च्या अभ्यास करणाऱ्यांसाठी आहेत.

कार्ड सुमनबाईनं ठेवून घेतलं. "ते बी बूटच हाय नव्हं? मंग भायेर," म्हणून दोऱ्यात बांधून तिनं ते चपलांच्या फळीवरच्या खिळ्याला लटकवलं. रत्नपाल दारात आला की ती रोज विचारते,

"काढले का?"

"काढले, मावशी."

"आतले बी?"

मग रत्नपाल आत जातो, मशीनची पाटी उलटी करतो आणि कार्डाची रिकामी खाच तिला आतूनच दाखवतो.